मालूच्या नावाला ओ

तीन खोल्या, एकामागोमाग एक, मधली दारं सगळी एका रेषेत. सदाशिव पेठेत जागा भाड्याने घेताना माणसं नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतात. अण्णांनी पावलं मोजली. पुढच्या खोलीतल्या खिडकीपासून ते उलटे चालत निघाले, मधली खोली ओलांडली, स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकली आणि घरमालकांना म्हणाले, "चौदा. जागा घेतली." घरमालकांनी आईकडे पाहिलं. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, ती बिचारी काय बोलणार? तिने पदर सावरला आणि मान खाली घातली. पुढे आम्हा दोघी बहिणींना ही गोष्ट सांगताना ती म्हणायची, "तेव्हाच मला समजायला हवं होतं की या माणसाला घर नकोय, धावपट्टी हवीय."

अण्णा माणसांची चित्रं काढत. निसर्ग नाही, देवदेवता नाहीत, कॅलेंडरं तर मुळीच नाहीत. फक्त माणसं, तीही बहुतेक गेलेली. शाळेचे संस्थापक, बँकेचे पहिले अध्यक्ष, कुणाचे काका, कुणाच्या सासूबाई. पण हे काम ते ज्या पद्धतीने करत ती पद्धत आली होती स्कॉटलंडहून, एका फाटक्या पुस्तकातून. फुटपाथवर जुनी पुस्तकं घेऊन बसणाऱ्याकडून त्यांनी ते कॉलेजात असताना घेतलं होतं. कव्हर नव्हतं, पुढची काही पानं नव्हती, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लिहिलं कुणी ते आम्हाला कधीच कळलं नाही. आत दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश चित्रकारांनी काढलेली माणसं होती. काळ्या कोटातले न्यायाधीश, पांढरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्या, चौकड्यांचं कापड खांद्यावरून घेतलेले सरदार. अण्णा शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचत. तीन चित्रकार त्यांनी आपलेच करून टाकले होते. सगळ्यांत आधीचे ते थोरले, त्यांच्यानंतरचे ते धाकटे, आणि पेशव्यांच्या काळात इथे येऊन दरबारातल्या बड्या मंडळींना समोर बसवून रंगवून गेलेले ते पुणेकर. आमच्या घरात या तिघांचा उल्लेख नात्यातल्या माणसांसारखा होत असे. त्यांची खरी नावं आता मला माहीत आहेत. मुलगा खराडीला ऑफिसात बसून ते तिघंही फोनवर पाठवतो, एका मिनिटात. पण मला ते थोरले, धाकटे आणि पुणेकर म्हणूनच ओळखीचे, तेव्हा इथेही तसेच राहू देत.

चौदा पावलं ही धाकट्यांची पद्धत. ते म्हणे पेन्सिलीने आधी काही आखतच नसत. माणसाला कॅनव्हासच्या शेजारी बसवायचं, आपण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं, तिथून माणूस आणि कॅनव्हास दोन्ही एका नजरेत घ्यायचे, आणि मग तरातरा पुढे येऊन, माणसाकडे पुन्हा न बघता, थेट ब्रशने रंग लावायचा. आधी कपाळ, मग हनुवटी, मग नाक, मग ओठ. "जवळून मिशीचे केस दिसतात, लांबून माणूस दिसतो," असं अण्णा सांगत. धाकट्यांच्या खोल्या केवढ्या असतील कोण जाणे, आमच्या खोल्यांत चौदा पावलांचं शेवटचं पाऊल फोडणीत पडायचं. खिडकीपासून ओट्यापर्यंत घरात एक अदृश्य वाट होती आणि तिच्यात बादली, पाट, केरसुणी, माणूस, काहीही आलेलं अण्णांना चालत नसे. उलटे जाताना त्यांच्या चपला घासल्याचा आवाज यायचा, पुढे येताना चटचट वाजायच्या. आम्ही त्या आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात झोपलो, तापाने फणफणलो तेव्हाही तोच आवाज कानात होता. चौदाव्या पावलाला अण्णा ओट्याशी पोचले की आई न बोलता त्यांच्या हातावर काहीतरी ठेवी. गुळाचा खडा, भाजलेले दाणे, नुकत्याच किसलेल्या खोबऱ्याची चिमूट. ते खात खात, डोळे किलकिले करून लांबच्या कॅनव्हासकडे बघत आणि परत निघत. आपण काय खाल्लं हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आई त्यांच्या स्कॉटलंडला सोडत नसे. रॉकेल मिळेनासं झालं की म्हणायची, "तुमच्या थोरल्यांना कळवा, एक डबा पाठवून द्या." पुस्तकातलं एक चित्र मात्र तिला मनापासून आवडायचं. थोरल्यांनी आपल्या बायकोचं काढलेलं होतं ते. बाई फुलदाणीत फुलं लावतेय, आणि कुणी तरी आत आलं म्हणून मान वळवून बघतेय, एवढंच. आई ते पान उघडून अण्णांच्या समोर धरायची. "बघा. यांनी बायकोचं काढलं. आम्ही आपल्या भांडी घासतो."

"तू एका जागी बसशील तर काढीन ना!"

"मी बसले तर तुम्ही जेवाल काय? रंग?"

एका जागी बसायचं काम माझ्याकडे होतं. गेलेल्या माणसाचं चित्र काढायचं म्हणजे हाताशी असतो एखादा फोटो, तोही लग्नातल्या गर्दीतून कापून काढलेला, बोटाच्या पेराएवढा. त्यात उजेड कुठला आणि सावली कुठली ते कळायचं नाही. धाकट्यांची शिस्त तर अशी की समोर जे आहे तेवढंच काढायचं. तेव्हा अण्णांनी एक तडजोड काढली. देवदारी खोक्यांचा एक चौथरा खिडकीशी केला, त्यावर खुर्ची ठेवली, आणि त्या खुर्चीवर मला गेलेल्या माणसाचे कपडे घालून बसवायला सुरुवात केली. नाकडोळे फोटोतले, पण गालावरून उतरणारा उजेड माझा, कोटाच्या सुरकुत्या माझ्या खांद्यावरच्या. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून बसत आले. मी निवृत्त न्यायाधीश झाले, पागोटं घातलेले मुख्याध्यापक झाले, नऊवारीतल्या, नथीतल्या किती तरी बायका झाले. पुण्यातल्या निदान पाच-सहा सभागृहांत माझे खांदे टांगलेले आहेत, चेहरा कुठेच नाही. गिऱ्हाइकं येऊन चित्र बघत आणि आपल्या गावच्या रीतीने दाद देत. "नाक आमच्या काकांचंच आहे. पण इतके प्रसन्न ते हयातीत कधी दिसले नाहीत हो."

मी खुर्चीवर बसले की घरात एक खेळ चाले. बैठक संपेपर्यंत मी कुंदा नव्हते. अण्णांनी तसा नियमच केला होता, कारण माझं नाव कानावर आलं की माझी मान हलायची. आईने त्या नियमाचा खेळ केला. ओट्याशी भाकरी थापता थापता ती खणखणीत आवाजात म्हणायची, "अहो रावसाहेब, चहा टाकलाय!" आणि मी, मान तसूभर न हलवता, आवाज जाड करून म्हणायची, "ओ!" मग मधल्या खोलीत अभ्यासाचं ढोंग करणारी मालूताई फसकन हसायची, ती हसली की अण्णा हसायचे, आणि अण्णांचा ब्रश भलतीकडे जायचा. एका न्यायाधीशांच्या कानाची पाळी त्यामुळे जरा लांब झाली आहे. अजून तशीच आहे, मी मध्ये एका समारंभाला गेले होते तेव्हा बघून आले.

मालूताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला पाच मिनिटं एका जागी बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, आमच्या बापाला तर नाहीच. अण्णांनी एकदा प्रयत्न केला होता. ते कॅनव्हासशी वाकून रंग लावून मान वर करतात तर खुर्ची रिकामी आणि ही त्यांच्या पाठीमागून स्वयंपाकघरात जाऊन दडप्या पोह्यांतले दाणे वेचतेय. दडपे पोहे हा तिचा जीव. खोबरं, कांदा, वर चुरचुरती फोडणी, आणि वजन ठेवून दडपलेल्या परातीभोवती तिच्या फेऱ्या. आम्ही दोघी दिसायला सारख्या होतो असं सगळे म्हणत, पण ते लांबून. जवळून बघितलं की कळायचं, तिचा चेहरा सारखा हलता होता आणि माझा थांबलेला. इतक्या मेलेल्या माणसांच्या जागी बसून तो तसा झाला होता की मुळातच तसा होता, मला सांगता येणार नाही. मला एकच हौस होती. अण्णांनी एकदा माझं चित्र काढावं, माझ्या कपड्यांत, माझ्या नावाने. मी मागे लागले की ते म्हणायचे, "काढू गं, पुढच्या सुट्टीत." त्यांनी मला फसवलं असं नाही. जिवंत माणसाची घाई नसते, इतकंच.

ताईला एकोणिसावं लागलं त्या वर्षी तिला कावीळ झाली. तिच्या डोळ्यांतला पिवळा रंग सगळ्यांच्या आधी अण्णांना दिसला होता. दिसणारच, त्यांचा धंदाच तो. पण त्यांना वाटलं, खिडकीच्या जुन्या काचेतून उजेड तसा येतोय. तीन दिवसांनी ते ज्याला त्याला सांगत सुटले, मला दिसला होता, मी काचेला दोष दिला. डॉक्टर आले, पथ्य झालं, उसाचा रस झाला, कुणी सांगितलेलं गळ्यात बांधणं झालं. नवव्या दिवशी ताई गेली. याहून जास्त मला लिहवत नाही आणि लिहिण्यासारखं काही नाहीही. नऊ दिवस म्हणजे किती थोडे, हे मला या वयातही पटत नाही.

त्यानंतर आमच्या घरातले आवाज एकेक करून गेले. अण्णांनी काम थांबवलं, चपला थांबल्या. आई स्वयंपाक करायची, पण मऊ भात आणि वर नुसतं वरण. चार महिने त्या घरात फोडणी चुरचुरली नाही. आणि आईने हाका मारणं सोडलं. हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्याकडे हाकेशिवाय काही होत नसे. सकाळी उठायला हाक, दूध घ्यायला हाक, जेवायला हाक, आणि ती हाक जोडीची असायची. "मालूऽ कुंदाऽ" असा एका दमात, जणू ते एकच नाव होतं. आता तिने ताट वाढलं की ती ते माझ्यासमोर आणून ठेवी. मी मधल्या खोलीत असले तर तिथे येऊन उभी राही, मी वर बघेपर्यंत. मला उशिराने उमगलं की माझ्या नावापर्यंत पोचायला तिला आधी ताईच्या नावावरून जावं लागत होतं, आणि ते तिच्याने होत नव्हतं. मला सोळावं चालू होतं. बहीण गेली होती आणि आई मला हाक मारत नव्हती. दुसऱ्या गोष्टीचं दुःख मला पहिल्याइतकंच होतं, कधी कधी जास्त, आणि त्याची लाज वाटून मी पांघरुणात तोंड घालून रडत असे.

एके दिवशी शाळेतून आले तर अण्णा ते पुस्तक उघडून बसले होते. त्यात एक पान होतं जे ते आम्हाला दाखवत नसत, दोन पानं एकदम उलटत. थोरल्यांचं एक तान्हं मूल गेलं होतं. ते गेल्यावर, पुरायच्या आधी, त्यांनी त्याचं चित्र काढलं, तेच ते. नुसतं डोकं, मिटलेले डोळे, बाकी कापड. अण्णा म्हणाले, "यात लिहिलंय, रंगवत होते तोवर त्यांना दुःख जाणवलंच नाही. ब्रश खाली ठेवला तेव्हा जाणवलं." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "कुंदे, मालूचं चित्र काढतो. तिच्या आईला ती दिसली पाहिजे. दिसली की ती बोलेल. तू बसशील?"

ताईचे फोटो दोनच होते. एक कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, त्यात ती हसू दाबून बसल्यामुळे भलतीच कुणी वाटायची. दुसरा सहलीचा, त्यात तिने ऐन वेळी मान वळवलेली. मी हो म्हटलं. आणि आता खरं सांगायला हरकत नाही, ज्यांनी रागवायचं ते सगळे गेले. मला आनंद झाला. त्या सगळ्या दुःखात एक कोपरा उजळला, की या वेळी फोटो नाही, या वेळी अण्णा माझ्याकडेच बघून चेहरा काढणार. ताईच्या नावाने का होईना, चेहरा माझा असणार. ताईची अबोली साडी मी ट्रंकेतून काढली तेव्हा तिला तुळशीबागेतल्या पावडरीचा वास येत होता. तिच्यासारखा डावीकडे भांग पाडला, तिच्यासारखी वेणी पुढे घेतली, आणि चौथऱ्यावर चढून बसले.

अण्णांच्या चपला पुन्हा सुरू झाल्या. घासत मागे, वाजत पुढे. चौदाव्या पावलाला आता त्यांच्या हातावर काही पडत नव्हतं, आई ओट्याकडे तोंड करून उभी असायची, तरी ते सवयीने तळहात जरासा उघडत आणि मिटत. आई चित्राकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नव्हती. पण तिने मना केलं नाही. दुपारी तीन ते साडेचार, खिडकीतला उजेड बदलेपर्यंत, असे सात दिवस झाले. अण्णा माझ्याकडे बघत होते. इतकं त्यांनी मला आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मी ताईसारखं हसू ओठांच्या कडेला आणायचा प्रयत्न करी, पण मला ते दोन मिनिटांच्या वर पेलवायचं नाही.

आठव्या दिवशी मी बसले होते, अण्णा कॅनव्हासशी वाकून ओठांचं काम करत होते. आणि स्वयंपाकघरात फोडणी चुरचुरली. मोहरी, हिंग, मग मिरच्या. तो वास तीन खोल्या ओलांडून आला तेव्हा अण्णांचा हात थांबला. त्यांनी वळून पाहिलं नाही. मीही मान हलवली नाही, पण डोळ्यांच्या कडेतून दिसत होतं. आई परातीवरचं वजन काढत होती, कालवत होती, वाटीत भरत होती. दडपे पोहे होते. वाटी हातात घेऊन ती वळली आणि तिने आमच्याकडे बघितलं. ती उभी होती बरोबर चौदाव्या पावलावर. तिथून नाकडोळे दिसत नाहीत. तिथून खिडकीचा उजेड, अबोली साडी, पुढे घेतलेली वेणी दिसते. तिथून माणूस दिसतो.

"मालूऽ," आईने हाक मारली.

चार महिन्यांनी त्या घरात हाक आली होती. तोच आवाज, तोच शेवटचा हेल. मी काय विचार केला असं विचाराल तर काहीच केला नाही. मला एवढंच कळलं की आई हाक मारतेय आणि चौथऱ्यावर मी बसले आहे. वर्षानुवर्षं त्या खुर्चीवरून मी ज्याच्या त्याच्या नावाला ओ दिली होती. आणि त्याहून खरं म्हणजे, मला भीती वाटली की ओ दिली नाही तर ही परत गप्प होईल.

"ओ, आई," मी म्हटलं.

आईचा चेहरा उजळला. हे मी बघितलं आहे, म्हणून लिहिते. ती चालत निघाली, भराभर, साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून, दुसऱ्या हातात वाटी. स्वयंपाकघराचं दार, मधली खोली, पुढचं दार. ती जसजशी जवळ येत गेली तसतशी तिला मी दिसत गेले. एकेक पावलागणिक तिच्या तोंडावरचं ते गेलं. चौथऱ्याशी येऊन ती उभी राहिली तेव्हा वाटीतल्या पोह्यांवरच्या फोडणीचा वास थेट माझ्या नाकाशी आला.

"तू का ओ दिलीस?" ती म्हणाली.

अण्णा म्हणाले, "अगं, तिला वाटलं..."

"तिची ओ होती ती. तिला देऊ द्यायचीस." आईचा आवाज चढला नव्हता. भाजीवालीशी बोलावं तसं ती साधं बोलत होती, आणि ते ऐकवत नव्हतं. "मी थांबले असते. मला कुठे जायचं होतं? उजाडेपर्यंत थांबले असते. तू कशाला दिलीस गं?"

मग तिने कॅनव्हासकडे पाहिलं, पहिल्यांदाच. अण्णा बाजूला झाले. खूप वेळ ती बघत राहिली. "ही कुंदा आहे," ती म्हणाली.

अण्णांनीही पाहिलं, अगदी जवळून, कधी बघत नसत तसं. भांग ताईचा होता, साडी ताईची होती, ओठांची कड आठ दिवस धडपडून ताईची केली होती, आणि आतून मी बघत होते. धाकट्यांनी त्यांना समोर असेल तेच काढायला शिकवलं होतं आणि त्यांनी ते इमानाने केलं होतं. "हो," ते म्हणाले, "कुंदाच आलीय. मला दुसरी कुठून येणार?" त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि वाटेत, जिथे आम्हाला साधी बादली ठेवायची मनाई होती तिथे, भिंतीला टेकून बसले आणि रडू लागले. आई त्यांच्याशेजारी बसली. वाटी तिने मांडीवर घेतली होती, ती तशीच धरून ती रडली, चार महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने. मला कुणी उतर म्हणालं नाही. मी ताईची साडी नेसून वर बसून राहिले, रडायलाही लाज वाटत होती, कारण रडणं त्या दोघांचं होतं आणि मी आधीच एकदा दुसऱ्याचं घेऊन बसले होते. उजेड गेल्यावर मी आपली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने हाक मारली. "कुंदाऽ, दूध आलंय." नुसतं माझं नाव, एकटं. ज्या हाकेसाठी मी चार महिने झुरले ती हीच. घशाशी ओ आली आणि तिथेच थांबली, जणू आधी दुसरं कुणी द्यायची आहे. आईने थोडा वेळ वाट पाहिली, मग दुसऱ्यांदा म्हणाली, "कुंदाऽ." तेव्हा मी ओ दिली. त्या दिवसापासून तशीच रीत पडून गेली. आई पहिली हाक मारायची, आम्ही दोघी गप्प राहायचो, मग ती दुसरी मारायची आणि मी ओ द्यायची. त्या मधल्या जागेत काय होतं ते आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही. तिने मला त्या दुपारबद्दल क्षमा केली की नाही हेही मी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर कित्येक वर्षं वाटायचं की मला कानाने कमी ऐकू येतं.

अण्णांनी नंतर गेलेल्या माणसांची कामं घेणं बंद केलं. एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले, ती नोकरी त्यांना आवडली नाही आणि त्यांनी ती निवृत्तीपर्यंत केली. चित्र त्यांनी पुरं केलं नाही आणि पुसलंही नाही. ते आता माझ्याकडे बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आहे, माळ्यावर, चादरीत गुंडाळून. मुलगा म्हणतो, "आई, स्कॅन करून ठेवू या ना, छान क्वालिटीत." मी म्हणते, ठेव. मग तो विसरतो. मध्ये त्याने थोरल्यांच्या बायकोचं ते चित्र मोठं करून दाखवलं. आमच्या पुस्तकात ती पिवळट होती, कागदच तसा झाला होता. खरी ती गोरीपान, गुलाबी आहे, आणि तिच्या अंगावर केवढी लेस आहे! आईला दाखवायला हवी होती, असं वाटून मला एकदम भरून आलं.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. शेवटी शेवटी ती पुढच्या खोलीत पलंगावर पडून असे, बोलणं कमी झालं होतं, पण हाक शाबूत होती. पाणी हवं असलं, पंखा बंद करायचा असला, काही नको असलं तरी, दोन हाका. सगळ्या घराला ती रीत माहीत झाली होती. नात तर म्हणायची, "पणजीची पहिली हाक ट्रायल असते."

ती गेली त्या दुपारी मी स्वयंपाकघरात पोळ्यांची कणीक मळत होते. "कुंदाऽ," पुढच्या खोलीतून आवाज आला, स्वच्छ, माझ्याच नावाचा. मी हाताचं पीठ झटकलं आणि सवयीप्रमाणे दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले.